मापाची चित्रं

"आरसा इथे लावायचा," सरनोबतसाहेब म्हणाले आणि त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला.

मी म्हणालो, "साहेब, समोर खिडकी आहे. दुपारचं ऊन थेट आरशात पडेल, डोळ्यांवर येईल. दोन हात डावीकडे घेऊया का?"

"नको. इथेच."

त्यांनी हात काढला तेव्हा खाली खळगा दिसला. नारळाएवढा. भिंतीचा बोर्ड आत दबून फुटला होता आणि फुटलेल्या कडेने पांढरा भुगा सांडत होता.

"कपाट सरकवताना लागलं," ते म्हणाले. "बोर्ड बदलायचा म्हणजे घरभर धूळ. त्यापेक्षा आरसा झाकून टाकेल. काय म्हणता?"

मी बरं म्हणालो. कपाटाचा कोपरा लागला तर भिंत टोकदार फुटते, हा खळगा गोल होता, हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण कपाट अनेक तऱ्हेने लागू शकतं. आणि माझं काम आरसा लावण्याचं होतं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. कोल्हापुरात गंगावेशीजवळ माझं फ्रेमचं दुकान आहे. फ्रेम करून द्यायची आणि हवी तर घरी जाऊन टांगूनही द्यायची, असं दोन्ही काम मी करतो. हणमंत तोडकरने लावलेली वस्तू पडत नाही, असं गिऱ्हाईक एकमेकांना सांगायचं आणि मला त्याचा अभिमान होता. सरनोबतांचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर होता. बाहेरच्या भिंती विटांच्या, पण आतल्या दोन आधीच्या मालकाने जिप्समच्या करून घेतलेल्या. आत पत्र्याचे उभे खांब आणि दोन्ही बाजूंनी बोर्ड. बोटाने वाजवलं की रिकाम्या डब्यासारखा आवाज. विटेच्या भिंतीला भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी ठोकली आणि स्क्रू आवळला की काम झालं. या भिंतीला तसं केलं तर आठ दिवसांत आरसा खाली येतो. मी खिशातून लोहचुंबक काढून भिंतीवरून फिरवला. बोर्ड ज्या स्क्रूंनी खांबाला मारलेला असतो, त्यांवर तो चिकटतो. दोन खांब सापडले. आरशाचा भार दोन्हींवर घेतला आणि जिथे खांब नव्हता तिथे आत जाऊन पंखासारखे उघडणारे बोल्ट घातले.

साहेबांनी दोन्ही हातांनी आरसा ओढून पाहिला.

"हलत नाही."

"हलणार नाही साहेब. भिंत पडली तर आरसा पडेल."

ते हसले. माणूस बोलायला चांगला होता. एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, कपडे नीटनेटके, मला कधी अरेतुरे केलं नाही. त्यांची बायको चहा घेऊन आली. ठेंगणी, सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. कप ठेवून ती आरशासमोर उभी राहिली. स्वतःकडे नाही, आरशाच्या कडेकडे बघत होती. खळगा पूर्ण झाकला गेलाय का ते ती पाहत होती, हे मला नंतर कळलं.

ऑगस्टच्या शेवटी ती एकटी दुकानात आली. हातात कागदाची गुंडाळी. उलगडली तर जलरंगातलं चित्र होतं. नदीचा घाट, धुणं धुणाऱ्या दोन बायका आणि पाण्यात पडलेली देवळाची सावली.

"हिरण्यकेशी आहे," ती म्हणाली. "गडहिंग्लजची. माझ्या अप्पांनी काढलंय. ते हायस्कूलला चित्रकलेचे शिक्षक होते. रेडेकर सर म्हणून."

"हात सुंदर आहे सरांचा," मी म्हणालो आणि ते खरं होतं.

तिचं नाव अश्लेषा होतं, ते मी पावतीवर लिहिलं तेव्हा समजलं. फ्रेम किती रुंद हवी, कडेला किती कोरं सोडायचं, हे तिला नेमकं ठाऊक होतं. बाहेरून बाहेर अमुक इंच, त्याहून कमी नको, असं तिने दोनदा सांगितलं.

चार दिवसांनी मी टांगायला गेलो. साहेब कामावर होते. ती मला बेडरूममध्ये घेऊन गेली आणि पलंगाशेजारची जागा दाखवली. जमिनीपासून जेमतेम दोन-अडीच फुटांवर.

"ताई, एवढं खाली कुणी लावत नाही. चित्र डोळ्यांच्या उंचीला हवं."

"झोपून दिसायला हवंय मला," ती म्हणाली.

तिथे एक छोटं टेबल भिंतीला टेकवून ठेवलं होतं. तिने ते बाजूला घेतलं. मागे खळगा होता. आरशामागच्यापेक्षा खोल.

मी गुडघ्यांवर बसलो. बॅटरी लावून आत पाहिलं, कारण खांब कुठे आहे ते बघायचं होतं. मग खांद्यावरचं फडकं घेऊन खळगा आतून पुसला आणि कामाला लागलो. ती मागे पलंगाच्या कडेवर बसून होती.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "काका, ही भिंत काढून विटांची बांधता येते का?"

"येते की. पण पाचव्या मजल्यावर वजनाचं बघावं लागतं. इंजिनियरला विचारायला हवं."

"विटेची असली तर असं होणार नाही ना?"

मी चुंबक फिरवत होतो. मान वर न करता म्हणालो, "विटेच्या भिंतीला काही होत नाही, ताई. जे तिच्यावर आपटतं, त्याचंच होतं."

आपण काय बोलून गेलो ते मला वाक्य संपता संपता कळलं होतं. मला मान वर करून तिच्याकडे बघता आलं असतं. मी बोल्ट आवळला, पाणसळ लावून चित्र सरळ केलं, जमिनीवरचा भुगा गोळा केला. निघताना ती म्हणाली, "थँक्यू काका. छान दिसतंय." तिचा एक हात सबंध वेळ पदराखाली होता.

घरी गेल्यावर मी कुसुमला, माझ्या बायकोला, त्या घराबद्दल सांगितलं. सगळं नाही, थोडंच.

ती म्हणाली, "मला घेऊन चला एकदा. मी बोलते तिच्याशी."

"काय बोलणार? नवरा म्हणेल कपाट लागलं. आणि ती पण तेच म्हणेल."

"म्हणू दे. विचारलं तरी पाहिजे कुणीतरी."

मी म्हणालो, बघू. मग गणपती आले, नवरात्र आलं. दुकानात देवांच्या तसबिरींची गर्दी होती. तो विषय मी पुन्हा काढला नाही आणि तिने दोनदा काढला तेव्हा तिच्यावरच चिडलो.

नोव्हेंबरात साहेब स्वतः दुकानात आले. हातात लांबलचक गुंडाळी. या खेपेला गडहिंग्लजचा आठवडी बाजार होता. चार फूट लांब, आडवा. कागद मधोमध जोडलेला होता आणि जोड दिसू नये म्हणून सरांनी बरोबर त्याच जागी विजेचा खांब रंगवला होता.

"सासऱ्यांना सध्या हाच उद्योग," साहेब हसत म्हणाले. "आमचं घर म्हणजे त्यांचं प्रदर्शन झालंय."

लावायला गेलो तेव्हा दार त्यांनीच उघडलं. बेडरूमचं दार बंद होतं.

"तिला बरं नाही. झोपलीय. ड्रिल जरा बेताने वापरा."

चित्र लावायचं होतं आतल्या बोळात. तिथे एकाला लागून एक असे दोन खळगे होते आणि दोन्हींमध्ये बोर्डाला तडा गेला होता. या वेळी साहेबांनी कपाटाचं नाव काढलं नाही. मीही काही विचारलं नाही. अर्ध्या तासाचं काम मी दीड तास केलं. भोकं मोजली, पुन्हा मोजली, पाणसळ तीनदा लावली. मला वाटत होतं, बेडरूमचं दार उघडेल, ती बाहेर येईल, आणि मग मी काहीतरी विचारेन. दार उघडलं नाही. साहेब सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "झालं की हो तोडकर." मी हत्यारं पिशवीत भरली आणि जिना उतरलो.

जानेवारीत त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"तोडकर, एक फोटो लावायचाय. अश्लेषाचा."

मी विचारलं, "कसला फोटो?"

"गेली ती. आठ दिवस झाले. बाथरूममध्ये पाय घसरला. फ्रेम आम्ही तयार आणलीय, तुम्ही फक्त टांगायला या. दहाव्याला माणसं येणार आहेत, त्याआधी."

मी गेलो. घरात सतरंजी अंथरलेली होती. साहेबांची आई, दोन नातेवाईक बायका आणि भिंतीला पाठ लावून बसलेले एक वयस्कर गृहस्थ. पांढरं धोतर, वर स्वेटर. बोटांच्या नखांत निळा रंग अडकलेला. कुणी न सांगताही मला कळलं, हे रेडेकर सर.

साहेबांनी हॉलची बाहेरची भिंत दाखवली. विटेची. मी फोटोच्या मागची कडी मोजली, खूण केली आणि ड्रिल लावलं. तांबडा भुगा पडू लागला.

"भाऊ," सर मागून म्हणाले, "जरा पक्का लावा. पडायला नको."

मी ड्रिल थांबवलं.

मी भित्रा माणूस आहे. त्या दिवशी माझ्यात काय आलं ते मला आजही सांगता येत नाही. धैर्य नव्हतं ते. त्या म्हाताऱ्याने भाऊ म्हणून हाक मारली, आणि मला तिथे उभं राहवेना, एवढंच. मी ड्रिल खाली ठेवलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि समोरच्या आरशाकडे गेलो.

"तोडकर, काय करताय?" साहेबांनी विचारलं.

"काढतोय साहेब."

"आरसा नाही काढायचा. फोटो लावायचाय."

"मी लावलाय, मीच काढतो."

आरसा निघता निघेना. इतका पक्का मीच बसवला होता. एक स्क्रू, दुसरा, तिसरा. साहेब उठून जवळ आले, माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "माणसं बसलीत घरात. तुम्हाला कळतंय का?" मी म्हणालो, "कळतंय." त्यांनी दंड आणखी आवळला. चांगलीच ताकद होती हातात. पण सर उठून उभे राहिले होते आणि त्यांच्यादेखत साहेबांना मला ओढता येईना. मी आरसा उतरवून सोफ्याला टेकवला.

खळगा तसाच होता.

मग मी बोळात गेलो आणि बाजाराचं चित्र उतरवलं. मग बेडरूममध्ये जाऊन नदीचं. सर माझ्या मागोमाग येत होते. पलंगाशेजारी ते खाली बसले आणि खळग्यात चार बोटं घातली. मग परत हॉलमध्ये आले, आरशाच्या जागी उभे राहिले आणि खळग्यासमोर तळहात आडवा धरला. जन्मभर मुलांना माणसाच्या आकृतीचं प्रमाण शिकवलेला तो माणूस. त्याने तो हात तसाच, खाली वर न करता, भिंतीपासून पुढे आणला आणि हवेत धरून ठेवला. जणू समोर कुणी उभं आहे आणि तिच्या डोक्यावर हात ठेवलाय.

"पाच फूट एक इंच," ते म्हणाले. "माझी मुलगी पाच फूट एक इंच होती."

साहेबांची आई म्हणाली, "अहो, कपाट लागलं होतं तिथे."

सर तिच्याकडे वळले नाहीत. मला म्हणाले, "तुम्ही इथून हलू नका." मग खिशातून मोबाइल काढला. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. त्यांचा पुतण्या वकिली करायचा, त्याला त्यांनी पोलीस घेऊन यायला सांगितलं. तोवर दोन तास आम्ही दोघे त्या हॉलमध्ये उभे होतो. अश्लेषाचा फोटो सतरंजीवर उताणा पडलेला होता.

केस साडेतीन वर्षं चालली. ओळखीच्या डॉक्टरने दाखला दिला होता आणि दुसऱ्याच दिवशी दहन उरकलं होतं, त्यामुळे मरणाबद्दल सांगायला देहच उरला नव्हता. शेजाऱ्यांनी सांगितलं, आम्ही काही ऐकलं नाही. ड्रिलचा आवाज तेवढा कधीतरी यायचा. उरल्या होत्या त्या भिंती. आणि मी.

साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलांनी विचारलं, तेव्हा मी ते सांगितलं जे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, कुसुमलाही नाही. पलंगाशेजारच्या खळग्यात बॅटरी लावून पाहिलं तेव्हा फुटलेल्या बोर्डाच्या कागदात केस अडकले होते. लांब, तीन-चार. आणि आत डाग होता, वाळलेला.

सरनोबतांचे वकील उठले. शांत माणूस. आवाज चढवला नाही.

"ते केस कुठे आहेत?"

"मी पुसले."

"का पुसले?"

न्यायाधीशांनी सांगितलं, साक्षीदाराने उत्तर द्यावं. मी म्हणालो, "ती मागे बसली होती. मला दिसलंय हे तिला कळू नये म्हणून."

"डाग कशाचा होता, तपासलं कुणी?"

"नाही."

"कुणाला बोललात?"

"नाही."

"म्हणजे आज, एवढ्या वर्षांनी, पहिल्यांदा सांगताय. बरं. पहिला खळगा तुम्ही कधी पाहिलात?"

"जूनमध्ये."

"आणि बाई वारल्या?"

"जानेवारीत."

"या सात महिन्यांत तुम्ही काय केलंत, तोडकर?"

"एक आरसा लावला," मी म्हणालो. "आणि दोन चित्रं."

ते कागदावर काही न लिहिता खाली बसले. त्यांना हवं ते मिळालं होतं. ज्याला खरोखर काही दिसलं असतं तो गप्प बसला नसता, असं त्यांनी नंतर मांडलं, आणि ते चुकीचं होतं तरी ऐकायला खोटं वाटत नव्हतं. मरणाबद्दल काही सिद्ध झालं नाही. छळाबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. अपील गेलं, जामीन झाला. सरनोबत आता पुण्याकडे असतात म्हणे.

निकालाच्या दिवशी सर आणि मी कोर्टाबाहेरच्या टपरीवर बसलो होतो. पुतण्या कागदपत्रांसाठी आत थांबला होता. सर फार वाळले होते. मी त्यांच्यासाठी चहा आणला. खूप दिवस मनात होतं ते मला बोलायचं होतं. माफी मागायची होती. मी सुरुवात केली, "सर, मी त्या दिवशी मान वर केली असती तर..."

त्यांनी हाताने थांबवलं.

"ती मला फोन करायची," ते म्हणाले. "अप्पा, चित्र पाठवा. माप सांगायची. लांबी एवढी, उंची एवढी. इंचात. मी हसायचो. म्हणायचो, अगं, कापड आहे का मापाने घ्यायला? मग त्या मापाचा कागद घ्यायचो. मला वाटायचं, लग्नानंतर तिला आता माझी चित्रं कळायला लागली. शाळेतल्या सगळ्यांना सांगत सुटलो होतो."

मी माझा ग्लास खाली ठेवला.

"बाजाराचं चित्र तिला घाईने हवं होतं. आठ दिवसांत. मी पूर्ण केलं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुमच्याकडे तिसरं चित्र आलं नाही ना कधी?"

"नाही सर. दोनच आली."

"तिसऱ्याचंही माप दिलं होतं तिने. जायच्या आदल्या आठवड्यात. सहा फूट बाय चार फूट. मी म्हणालो, एवढं मोठं कशाला गं, अख्खी भिंत झाकायची आहे का? ती म्हणाली, हो अप्पा. मी म्हणालो, नाही जमायचं आता, बाळ. हात कापतो, डोळे दुखतात. ती म्हणाली, बरं, असू दे."

टपरीवाल्याने रिकामे ग्लास उचलले. सरांचा ग्लास अर्धा होता, तो त्याने तसाच ठेवला.

"मी तिला नाही म्हणालो," सर म्हणाले.

पुतण्या आला. गडहिंग्लजची एसटी पाचची होती. मी सरांची पिशवी घेतली आणि त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेलो. गाडी लागलेली होती. त्यांना खिडकीजवळ बसवलं, पिशवी मांडीवर दिली आणि गाडी हलेपर्यंत खाली उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.